कामचुकार डेटाबेस

३ जून, सकाळी
सूनबाई चार दिवस परगावी, नव्या फ्रेमा बघायला. चष्म्यांचं दुकान माझ्या ताब्यात. जाताना म्हणाली, आई, नीट सांभाळलंत तर किल्ली कायमची तुमच्याकडे. सांभाळलंत तर! ऑफिस सुपरिंटेंडेंट म्हणून रिटायर झालेल्या बाईला हे ऐकवायचं? चिरंजीव शेजारीच उभे. नेहमीप्रमाणे भिंतीच्या रंगाचे.

संध्याकाळी
वीज गेली, आली. कॉम्प्युटर सुरू झाला, डेटाबेस उघडेना. गिऱ्हाइकांचे चष्म्याचे नंबर, ऑर्डरी, सगळं त्यातच. पडद्यावर एकच ओळ : ‘दुरुस्ती चालू आहे.’ चांगला वेळ वाट पाहिली. ओळ ढिम्म. असले कारकून माझ्या हाताखाली होते. समोर फाइल उघडी, डोळे मिटलेले. खडसावल्याशिवाय हलत नसत. बटण दाबून बंद केला, पुन्हा चालू केला. आणि दुकान बंद तर कॉम्प्युटरही बंद, हा माझा नियम.

४ जून
तीच ओळ. प्रोग्रॅमवाल्याला फोन लावला. म्हणाला, मावशी, मधेच वीज गेली की तो आधी सगळ्या नोंदी तपासतो, वेळ लागतो, तुम्ही फक्त हात लावू नका. मावशी! कोणत्या नात्याने? आणि ‘हात लावू नका’ सांगायची हा वर्षाला फी घेतो! कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर म्हणायच्या, उत्तर येत नसेल तर उभं राहून तसं सांगा. या डेटाबेस ठोंब्याला तेवढंही वळण नाही. बंद. चालू. दुपारी पुन्हा. शिस्त अंगी बाणायला वेळ लागतो.

५ जून
शेजारचा शिंपी आला. म्हणाला, जुना चष्मा फुटलाय बाई, सुईत दोरा जात नाही, लग्नाचा कोट उद्या द्यायचाय, माझा नंबर तेवढा काढा. डेटाबेस आजारी आहे असं परक्याला कशाला सांगा? चेहऱ्यावरूनच नंबर ओळखला. इतके डोळे बारीक करणारा माणूस मायनस तीनच. तयार चष्मा होता, दिला. बाहेर पडताना काचेच्या दारावर आपटला. सवय होईल, म्हटलं.
सूनबाईचा फोन. सगळं उत्तम, सांगितलं. हे खोटं नव्हे. थोडं आगाऊ, इतकंच.

६ जून
उद्या ती येणार. आज याला वठणीवर आणायचंच. दिवसभर बंद-चालू, बंद-चालू. दाद नाही. संध्याकाळी मीच निर्णय घेतला : शिक्षा. तसाच चालू ठेवून शटर ओढलं. राहू दे रात्रभर उभा.

७ जून
सूनबाई स्टेशनवरून परस्पर दुकानाच्या दारात. मी शटर उघडलं तर डेटाबेस ठणठणीत. एक नोंद गेलेली नाही. शिक्षेचा गुण! तसं सांगितलं. तिने प्रोग्रॅमवाल्याला फोन लावला. चोंबडा! म्हणे, पहिल्याच दिवशी सोडून दिला असता तर एका रात्रीत उघडला असता, मावशींनी दर वेळी त्याला पहिल्यापासून सुरुवात करायला लावली.
तेवढ्यात शिंपी कोट घेऊन हजर. बाही उलटी. नवरदेव ओरडून गेला म्हणे. सूनबाईने त्याचा नंबर काढला. प्लस अडीच. तिने त्याची माफी मागितली. माझ्या वतीने. मला न विचारता.
तो गेल्यावर ती माझ्याकडे वळली. नुसता हात पुढे केला. आभार मानायची रीत तरी आहे म्हणायची! मी शेकहँड केला.
तिला किल्ली हवी होती.