झऱ्याकाठचा ओक आणि आमच्या धाकट्या जाऊबाई

हेमलॉक रन, पेनसिल्व्हेनिया
ऑक्टोबरअखेर

ती. ट्वायलाताईस,

लॉर्नाचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजव्या तळव्याला पट्टी आहे, तरी जोडले आहेत. कारण पुढे येईलच.) तुझी कंबर कशी आहे? भावोजींनी तळ्यावर मासे धरायला जाणं थंडीपुरतं तरी बंद केलं का? इकडे सगळे मजेत. वॉरनचं पोट वाढलंय, मामंजींचा आवाज वाढलाय, आणि आमच्या धाकट्या जाऊबाईंचं कौतुक इतकं वाढलंय की घरात दुसरं काही ठेवायला जागा उरलेली नाही.

ब्रिन, क्लेटभावजींची बायको. पोरगी वाईट नाही. (हे मी स्वतःला रोज सांगते.) लग्न होऊन आली तेव्हा हरणांची वाट कुठली आणि गाईंची कुठली, एवढंही तिला कळत नव्हतं. आता ती धनुष्य घेऊन जंगलाकडे निघाली की मामंजी ओसरीवर येऊन उभे राहतात, ती झाडीत दिसेनाशी होईपर्यंत. मी या घरात आल्यापासून शिकारीच्या दर हंगामात झाडावर चढून हरणांची वाट बघत बसतेय, सगळ्यांचे फ्रीझर हरणाच्या मांसाने भरतेय. मला निरोप द्यायला कुत्रासुद्धा कधी ओसरीवर आला नाही.

सगळी भानगड दोरीची आहे. झाडावर चढायच्या पायऱ्या आपण खोडाला पट्ट्यांनी आवळतो. बाबाही तसंच करायचे. लोखंडी कडीतून पट्टा ओढायचा, खटखट आवळायचा, की झालं. आवाज होतो, पण जंगलात काय कमी आवाज असतात? ब्रिनबाईंनी मात्र पट्टे काढून टाकले आणि प्रत्येक पायरीला दोरी लावली. दोरी खोडाभोवती फिरवायची, पायरीच्या खुंटीवर दोन वेढे द्यायचे, त्याखाली टोक दाबून फास करायचा आणि पायरीला खाली एक हिसका द्यायचा. मग जितकं वजन टाकाल तितकी गाठ घट्ट. आवाज म्हणशील तर दोरी सालीला घासते तेवढाच. मामंजींनी हे पाहिलं आणि रविवारी चर्चहून आल्यावर जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, "झऱ्याकाठचा ओक यंदा ब्रिनला. ती चढते तेव्हा खारीलाही पत्ता लागत नाही." मग बटाटे माझ्याकडे सरकवत म्हणाले, "लॉर्ना, तू चढतेस तेव्हा मला वाटतं कुणी ट्रॅक्टर दुरुस्तीला काढलाय." वॉरन हसला. (पुढचे काही दिवस त्याच्या डब्यात नुसती उकडलेली अंडी होती.)

तो ओक म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. डोंगरातलं एकूण एक हरीण त्याची फळं खायला तिथे येतं. रुंद शिंगांचा तो थोराड नर यंदा तिथेच फिरतोय, त्याने रोपट्यांवर शिंगं घासलेली मी स्वतः पाहिली होती. तो ओक मी कधी मागितला नव्हता, कारण मला वाटायचं तो माझाच आहे.

मग मीही दोरी आणली. ब्रिन संध्याकाळी तिच्या ओसरीच्या खांबावर गाठींचा सराव करते, ते माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच दिसतं. तिचं बघून मी गॅरेजातल्या खांबावर तेच करत राहिले. आणि शनिवारी जेवण आटोपून, ब्रिन निघायच्या आत, त्याच ओकावर चढले. (हेतू विचारू नकोस.) एक पायरी बांधली, तिच्यावर उभी राहून दुसरी, मग तिसरी. काहीही आवाज नाही. मामंजी इथे हवे होते, असं मनात आलं. डोकं घराच्या पन्हळीइतकं उंच गेल्यावर कमरेची दोरी खोडाला बांधली आणि खाली ठेवलेलं धनुष्य दोरीने वर ओढू लागले. तेवढ्यात सर्वांत खालची पायरी सुटली, तिच्यामागून दुसरी. आवाज असा झाला की ट्रॅक्टर परवडला. दचकून मी धनुष्य ओढायची दोरी सोडली, सोडून पुन्हा धरली, आणि तळवा सोलून निघाला. गोष्ट अशी की मी समोरून बघत होते. त्यामुळे एक वेढा तिच्यासारखा पडत होता आणि दुसरा उलटा. ती गाठ नव्हतीच, नुसती गुंडाळी होती.

ब्रिन आली तेव्हा मी उरलेल्या पायरीवर जीव मुठीत धरून खोडाला मिठी मारून होते. तिने पडलेल्या पायऱ्यांकडे बघितलं, मग वर.

"जाऊबाई, बऱ्या आहात ना?"

"मजेत. फळं कितपत धरलीत ते बघत होते."

"बरं केलंत," ती म्हणाली. हसली नाही. (हसली असती तर मी तिला तिथेच माफ केलं असतं.) तिने स्वतःच्या पायऱ्या खालून बांधत आणल्या आणि शेवटची माझ्या पायाखाली धरली. गाठ अर्धवट होती, दोरीचं टोक तिच्या मुठीत होतं, मी जेमतेम एक पाय टेकवला होता, आणि तेव्हाच तो नर आला. अगदी आरामात, ओकाखाली उभा राहून खाऊ लागला. तिचं धनुष्य तिच्या खांद्यालाच होतं.

मी कुजबुजले, "सोड दोरी. मार."

"आधी तुमचा पाय."

"मी पडत नाही. कमरेला दोरी आहे."

"लोंबकळाल तर खऱ्या," ती म्हणाली, आणि मूठ तशीच घट्ट. नराने पोटभर खाल्लं, शेपटी हलवली आणि झरा ओलांडून गेला. तिने गाठ पुरी केली, मला एकेक पायरी खाली उतरवलं, आणि घरी मामंजींनी विचारल्यावर म्हणाली, "आज काही जमलं नाही." ते म्हणाले, "असू दे पोरी, तुझ्यात धीर आहे." म्हणजे त्यातूनही कौतुकच. ताई, दुसऱ्याला रागवायला माणसाने थोडी तरी जागा ठेवावी.

काल ती दोरी घेऊन माझ्याकडे आली आणि समोर न बसता शेजारी बसली. बोलता बोलता तिची गाठ होऊन जाते, हाताकडे बघतसुद्धा नाही. भावजी गॅसच्या विहिरींवर कामाला गेलेत, ते नाताळपर्यंत येत नाहीत. घर खायला उठतं म्हणून ती ओसरीवर दोरी घेऊन बसते. मला वाईट वाटलं. फार नाही, पण वाटलं.

तुझी धाकटी,
लॉर्ना

ता.क. थँक्सगिव्हिंगला आम्ही दोघे येतोच आहोत. तू ब्रिनला वेगळं पत्र टाकून बोलाव. हे पत्र मुळात त्यासाठीच लिहायला घेतलं होतं, पण बाकीचं मधे आलं.

पुन्हा ता.क. मी सुचवलं हे तिला कळू देऊ नकोस. तुझ्याच मनात आलं असं लिही.

आणखी एक. जेवणं झाली की ती लगेच भांडी घासायला उठेल. मी उठेपर्यंत तिला धरून ठेव.