यंदा मी उभी राहणार

९ नोव्हेंबर, रविवार

उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. उपासनेनंतर चर्चच्या मागच्या पडवीत बायकांचा चहा चालला होता. नाताळाच्या आदल्या रविवारी कीर्तन असतं, त्याचा विषय निघेल म्हणून मी वाट बघत होते. कांद्याची रोपं निघाली, सुनांची बाळंतपणं निघाली, कीर्तन काही निघेना. शेवटी कप खाली ठेवला अन् मीच म्हणाले, "यंदा मी उभी राहणार."

धाकटी जाऊ विमल, तिची बशी तोंडाशी तशीच राहिली. कशाला, कशी, कुणी विचारलं नाही. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. बावन्न वर्षांत पहिल्यांदा माझ्या एका वाक्यानं बायकांचा चहा थंड झाला.

बाबा कीर्तनाला उभे राहायचे तेव्हा आजूबाजूच्या वस्त्यांवरनं गाड्या जोडून माणसं यायची. माझं माहेर-सासर एकाच गावात, त्यामुळे लग्नानंतरही, बाबा होते तोवर, मागं परत परत येणारं ध्रुपद मीच धरायची. त्यांची वही माझ्याकडे आहे. अभंग, साक्या, आख्यानं, सगळं. बाबा गेले अन् मी शिवणयंत्राला बसले. ब्लाऊज शिवताना ओठ हलतात, आवाज निघत नाही. आता पुरे.

१२, बुधवार

सकाळीच धाकटे दीर, प्रकाशभाऊजी, दारात. चर्चच्या पंचांत आहेत, म्हणून चालणंही पंचाचं. आत आले नाहीत.

"वैनी, घरच्याच माणसाच्या ताटात माती कालवायची व्हय?"

मला कळेना. माझ्या कीर्तनानं यांच्या ताटात कशी माती?

"वॉर्ड दोनची बाईची सीट विमलची ठरलीय. बिनविरोध. किती जणांच्या पाया पडलोय मी! अन् तुमी म्हणताय उभी राहणार!"

ग्रामपंचायत! मी 'उभी राहणार' म्हणाले ते निवडणुकीला, असं धरलं सगळ्या भवान्यांनी. हसू आलं. खरं सांगायला तोंड उघडलं, अन् बघितलं तर भाऊजींच्या कपाळावर घाम. नोव्हेंबरात. हा माणूस तीस वर्षांत मला 'चहा ठेवा' यापलीकडे बोललेला नाही.

तोंड मिटून घेतलं. "बघू," म्हणाले.

दिवसभर मशीन झकास पळत होतं.

१४, शुक्रवार

हे पहाटेच पिकअपमध्ये म्हशी घालून घोडेगावच्या बाजाराला गेले होते. तिथं कुणीतरी टोमणा मारला, काय, मालकीणबाई सरपंच होणार म्हणे! आल्या आल्या तोंड सुटलं.

"घरात भाजी कुठली करायची ते तुला ठरवता येत न्हाई, अन् गाव चालवायला निघाली!"

मग सांगून टाकलं. निवडणूक नाही. कीर्तन.

हे हसले. इतके हसले की ठसका लागला. मीच पाणी दिलं. "वरातीमागून घोडं! त्यापरीस इलेक्शन बरं की गं."

म्हणजे निवडणुकीला घाबरतात अन् कीर्तनाला हसतात. हे लिहून ठेवते, विसरायचं नाही.

पाणी द्यायला नको होतं.

१७, सोमवार

ताराचंदमामांकडे गेले. बाबांचे पेटीवाले. आता डोळ्यांनी दिसत नाही, बोटं मात्र शाबूत. बायबलातल्या विहिरीवरच्या बाईचं आख्यान घेतलं. भर दुपारी एकटी पाण्याला येते अन् शेवटी घागर तिथंच टाकून गावाला सांगायला पळते, ती. कित्येक वर्षं मनात रचलेलं. मनात काय सुरेख चालतं!

तोंडातून निघालं तेव्हा दुसऱ्या ओळीलाच श्वास संपला. वरच्या सुरावर आवाज टरकन फाटला, जुनं धोतर फाटतं तसा. मामांनी पेटीचा भाता लावून टाकला.

"गळा गंजलाय, पोरी."

म्हटलं, मामा, बाईला कुणी उभं राहू दिलं असतं तर गंजला नसता.

"कोन न्हाई म्हनलं हुतं? तुझा बाप गेला त्या वर्षी जुने पाळकसाहेब तुझ्या दारात आल्ते. मी संगं हुतो. तूच म्हनलीस, पोरं लहान हायेत, फुडच्या वर्षी बघू."

खरं आहे. मी विसरले नव्हते, पण विसरल्यासारखं करत आले. इतकी वर्षं ज्याला त्याला सांगितलं की बाई म्हणून अडवलं. कुणीही अडवलं नव्हतं. बाबांच्या जागी उभं राहायची भीती वाटली अन् मी पोरं पुढं केली. मामांचा संताप आला होता, घरी येईपर्यंत माझाच आला. संध्याकाळी एका ब्लाऊजच्या बाह्या उलट्या लावल्या.

रोज सकाळी मामांकडे जायचं. ठरलं.

२०, गुरुवार

नेवाशाला जाऊन निवडणुकीचा अर्ज भरून आले. हो, भरला! मला ग्रामपंचायत नको. पण काल नळावर विमल मला ऐकू जाईल अशी म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं. गळा फाटला, आता सीट पायजे." ह्यांनी कीर्तनाचं अन् फाटलेल्या गळ्याचं भावाला सांगितलं, भावानं बायकोला. आमच्या घरात तोंडात तीळ भिजत नाही.

अर्ज भरून देणाऱ्या मुलीनं विचारलं, "व्यवसाय?"

"कीर्तनकार."

तिनं वर बघितलं. "गृहिणी लिहू का मावशी?"

"शिवणकाम लिही."

का बदललं? तिनं नुसतं विचारलं होतं. वाईटही बोलली नव्हती बिचारी. एका बघण्याला मी पडते. स्टँडवर येईपर्यंत स्वतःला शिव्या घातल्या. एसटी उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकली, म्हणून मग फाट्यापर्यंत आणखी घातल्या.

२२, शनिवार

पाळकसाहेब आले, बरोबर प्रकाशभाऊजी. सलाम झाला, चहा झाला. पाळकसाहेबांनी कप ठेवला.

"रत्नमालाबाई, मंगळवारी तीनपर्यंत माघारीची मुदत आहे. तुम्ही माघार घ्या. नाताळाच्या आदल्या रविवारचं कीर्तन तुमचं. पाऊण तास. पंच तयार आहेत."

जे हवं ते पायांनी चालत घरी आलं. अन् ते मिळतंय कशाच्या बदल्यात, तर जे मला कधी नकोच होतं त्याच्या! आनंदानं उडी मारायला हवी होती. अंगाचा नुसता भडका झाला.

विचारलं, "कुठलं आख्यान लावणार, ते विचारत नाही?"

भाऊजी म्हणाले, "कुटलं बी लावा की वैनी. पाऊण तासच तर हाय."

"देव वाट काढतो बघा," पाळकसाहेब.

"देवानं काढली का भाऊजींनी?"

"रत्ना!" हे ओरडले.

पोरगं किरकिर करतं म्हणून हातावर गुळाचा खडा ठेवतात, तसं माझ्या हातावर बाबांचं कीर्तन ठेवून गेले. ऐकून तरी द्या ना मेल्यांनो! अन् मी घेणार. मला माहीत आहे, मी घेणार. तीच चीड आहे.

२४, सोमवार

मामांना विचारलं, घेऊ का? म्हणाले, "घ्यायचं का न्हाई ते तुझं तू बघ. वरचा सूर अजून लागत न्हाई, त्येचं काय ते आदी बोल."

दीड तास तोच सूर. चारदा लागला, बाकी फाटला.

२५, मंगळवार

नेवाशाला जाऊन अडीच वाजता माघार घेतली. विमल बिनविरोध.

बाहेर भाऊजी हार घेऊन उभेच होते. "वैनी, लई मोठं मन तुमचं."

म्हटलं, "कीर्तनही परत घ्या."

"आँ?"

"रविवारी उपासनेनंतर पंचांपुढं उभी राहते. पंधरा मिनिटं ऐका. चांगलं वाटलं तर कीर्तन द्या, नाही तर नको म्हणून तोंडावर सांगा."

"अवो, आमी फुकट देत हुतो की!"

"फुकटचं नको."

परतताना हे फाट्यावर म्हणाले, "हातातलं घालवलंस." असेल. आता धाक दाखवायलाही माझ्याकडे काही राहिलं नाही. नुसता गळा आहे, तोही असला.

३० नोव्हेंबर, रविवार

उभी राहिले.

पंच खुर्च्यांवर ओळीनं. एक जण मोबाईलमध्ये. मामा पेटीवर. मागं ध्रुपद धरायला कुणीच नाही, हे उभं राहिल्यावर लक्षात आलं. एवढ्या दिवसांत तेवढंच सुचलं नव्हतं. बायका दारात गर्दी करून, तमाशा बघायला. हे सगळ्यांत मागं, हाताची घडी.

नमन बरं गेलं. दुसऱ्या ओळीचा श्वास पुरला. तिसऱ्या ओळीला वरचा सूर आला अन् तिथंच, त्याच जागी, आवाज फाटला. दारात कुणीतरी फिस्सकन हसलं. मी थांबले. मामांनी सूर तसाच धरून ठेवला. आता संपलं, असं वाटलं. खरंच वाटलं.

अन् दारातून कुणीतरी ध्रुपद उचललं. स्वच्छ, अजिबात जोर न लावता, बरोबर त्याच सुरावर. पाळकबाई असतील म्हणून वळले.

विमल. पदर तोंडाशी, नजर खाली.

एक क्षण वाटलं मला हरवायला गातेय. मग तिच्या आवाजाखालून मी परत आत शिरले. आख्यान पुरं केलं, बाई घागर टाकून पळते तिथपर्यंत. पंधराची पंचवीस मिनिटं झाली, कुणी थांबवलं नाही. मोबाईलवाल्यानं मोबाईल खिशात घातला होता.

"कळवू," पंच म्हणाले. भाऊजी माझ्याकडे बघतच नव्हते, बायकोकडे बघत होते. तोंड लालभडक.

विमलला नळावर गाठलं. कुठं शिकलीस?

"तुमच्या बाबांच्या कीर्तनाला मी मागं बसायची की. नवीन लग्न हुतं तवा. तुमी फुडं टाळ घेऊन, मी मागं चपलांपशी." मग हंडा उचलताना म्हणाली, "ताई, ती वही एक दिवस देता का? उतरून घेते."

तीस वर्षं मध्ये एकच भिंत. मला कुणी ऐकत नाही म्हणून मी बोंबलत होते, अन् हिला एकदा तरी ऐकलं का मी? तिचा आवाज माझ्यापेक्षा चांगला आहे. लिहिणार नव्हते, पण आहे. चांगलाच चांगला आहे. इतकी चीड मला भाऊजींचीही आली नव्हती.

तिला म्हणाले, "बघू." 'फुडच्या वर्षी' पण ओठावर आलं होतं, ते गिळलं.

पंचांचा निरोप नाही. वही कपाटात आहे, किल्ली माझ्या कमरेला. भिंतीपलीकडं विमल भांडी घासतेय अन् तेच ध्रुपद म्हणतेय, आज मोठ्यानं. एका शब्दाला चुकतेय, दर वेळी त्याच. वहीत बरोबर आहे तो.