आंब्याखालची मानमोडी

८ जानेवारी, बुधवार
परळच्या आमच्या कंपाउंडात मानमोडी आलीय! इंग्रजीत रायनेक. थंडीत उत्तरेकडून येते, मुंग्या खाते, दिसायला हुबेहूब झाडाची साल, घाबरली की सापासारखी मान फिरवते. आंब्यावर क्षणभर दिसली. फोटो नाही. तरी पक्षिमित्रांच्या ग्रुपवर कळवून टाकलं. अ‍ॅडमिन नूपुरने लगेच फोटो मागितला. म्हटलं, रविवारी सगळे याच, प्रत्यक्ष दाखवतो. आता मात्र मिळायलाच हवी, नाहीतर शोभा होईल. पण रिटायर्ड माणसाला वेळेची काय कमी?

९ जानेवारी, सकाळ
आंब्याखाली स्टूल टाकून बसलो. सुतारपक्ष्यांच्या कुळातली, म्हणजे वरच असणार. बरेच फोटो काढले. झूम केल्यावर सगळी सालच. काय कॅमोफ्लाज आहे! बायकोचं, नलूचं म्हणणं, एक मातकट पाखरू रोज पायरीपाशी मुंग्या टिपतं. चिमणी असेल. हिला पक्ष्यांतलं काय कळतंय.

१० जानेवारी
मुंग्या पायजम्यात शिरल्या. कडकडून चावल्या. कॅमेरा हलला. कोपऱ्यावरच्या दुकानातून मुंग्या मारायची पांढरी पावडर आणली. बुंध्याला, स्टुलाभोवती, पायरीपाशी सढळ हाताने टाकली. नलूला बोललो नाही, उगीच कटकट. आईच्या वेळेपासून दर शनिवारी आमच्याकडे मुंग्यांना साखर पडते.

११ जानेवारी, शनिवार
नलूने साखर घातली. एकही मुंगी आली नाही. ती म्हणाली, असं कधीच झालं नव्हतं, मला हे काही बरं दिसत नाही. थंडी असेल, म्हटलं. ते पाखरू म्हणे पायरीवर नुसतं बसून होतं, हाकललं तरी उडेना, मान वेडीवाकडी करत होतं. मी वर बघत होतो. चावणं थांबलंय. पण अंगण इतकं गप्प झालंय की बसवेना.

१२ जानेवारी, रविवार
ओळख पटली. शंभर टक्के.
मंडळी यायच्या आत नलूने हाक मारली. पायरीखाली पडली होती. हातात घेतली. पाठीवर काळा पट्टा, बाकी साल. मान बोटांत कशीही वळत होती. नलू स्टुलाभोवतीच्या पांढऱ्या रेघेकडे बघत राहिली.
नूपुरने विचारलं, काका, कशाने गेली? म्हटलं, एवढा लांबचा प्रवास, थकवा. थकवाच असणार.
चोचीवरचं पांढरं मी आधीच रुमालाने पुसून ठेवलं होतं.