कर वाचवणारा मेहुणा

ती. अक्कास,

धाकट्याचा नमस्कार, वाकून (कंबर परवानगी देईल तेवढा). तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजींचा खोकला थांबला नसेल तर हे पत्र त्यांच्यापुढे वाचू नकोस, हसून पुन्हा उबळ यायची. आमचं सगळं ठीक आहे, म्हणजे माझ्या एकाहत्तराव्या वर्षापर्यंत ठीक आहे. पुढचं खाली लिहितो.

तुला ठाऊकच आहे, मी जन्मभर लोकांच्या कवळ्या करत आलो. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात, मी मागच्या खोलीत मेण आणि प्लास्टर घेऊन बसतो. नोकरी नाही, म्हणून पेन्शन नाही. त्याची काळजी वाहायला देवाने मला मेहुणा दिला. (देवाने कसला, तूच. स्थळ तू आणलं होतंस.) हे गृहस्थ पूर्वी रंगाच्या दुकानात डबे हलवायचे, आता स्वतःला अर्थनियोजक म्हणवतात. वर्षभर तोंड दाखवणार नाहीत, पण मार्च संपत आला की दारात हजर. "दाजी, कर वाचवायचाय ना?" माणूस म्हातारपणाला घाबरत नाही इतका कराला घाबरतो. मी सही करायचो. असे एकोणीस मार्च गेले आणि एकोणीस योजना झाल्या. कर किती वाचला म्हणशील, तर ज्या वर्षी कर लागूच नव्हता त्या वर्षीसुद्धा आम्ही तो वाचवला!

दोन महिन्यांपूर्वी एका रविवारी त्याने एक सभागृह भाड्याने घेऊन व्याख्यान ठेवलं. विषय, 'निवृत्तीतही राजा राहा'. खुर्च्यांवर सगळे माझ्याच वयाचे राजे. (त्यातल्या दोघांच्या तोंडात माझंच काम होतं, लांबूनही ओळखू आलं.) हा टाय बांधून मंचावर. एवढ्यावर भागलं असतं, पण शहाण्याने आम्हा नवरा-बायकोलाच उदाहरण म्हणून वर बोलावलं. "दाजी, किती वर्षं जगायचा विचार आहे?" हे माईकवर, बरं का. मी म्हटलं, "तुझ्या सल्ल्यावर अवलंबून आहे." त्याने आपल्या मनाने पंच्याऐंशी टाकले आणि पडद्यावर एक रेघ उमटली. ती एकाहत्तरपर्यंत हिरवी होती, पुढे लाल. लाल म्हणजे मी जिवंत, पण जेवण बंद. "यावर उपाय आहे," म्हणून त्याने विसावी योजना काढली आणि वर मलाच सुनावलं, की हे पंचविशीत सुरू करायला हवं होतं. मी पंचविशीत होतो तेव्हा हा बृहस्पती पाढे चुकल्याबद्दल कोपऱ्यात उभा असायचा.

तेवढ्यात हिने माईक घेतला. भावाविरुद्ध कधी अवाक्षर न काढणारी बाई! शांतपणे विचारलं, "एकोणीस योजनांत तुला कमिशन किती मिळालं रे?"

"ताई, ते आपण घरी बोलू."

"घरी तू मार्चशिवाय येतोस कुठे?"

सभागृह हसलं. मग मागून एकजण उठला, "आमच्याही योजनांचं सांगा हो." मग दुसरा, मग अख्खी रांग. अर्थनियोजक पाणी पिऊन येतो म्हणाले, ते मागच्या दाराने गेले ते गेलेच. आम्ही बिस्किटं संपवून चालत निघालो. घरी कुलूप काढताना ही म्हणाली, "माझा भाऊ म्हणून तुम्ही सह्या केल्यात, आणि माझा भाऊ म्हणून मी विचारलं नाही." आणि रडली. मला त्या क्षणी बोलायला पुष्कळ सुचत होतं, अक्का. पण तिच्याकडे पाहिलं आणि चहा टाकला. (सुचलेलं सगळं इथे लिहून टाकलं आहे.)

दुसऱ्या दिवसापासून राज्य तिचं. ज्या योजना मोडता येतील त्या तोटा सोसून मोडल्या. आता महिन्याच्या पहिल्या तारखेला, मी पैशाला हात लावायच्या आत, ती ठरलेली रक्कम बँकेत नेऊन भरते. कराचं बघायला फी घेणारा एक रुक्ष माणूस गाठला आहे, तो काहीही विकत नाही, हसतही नाही. आणि मी पंचाहत्तरीपर्यंत काम करायचं, असा ठराव माझ्या गैरहजेरीत मंजूर झाला आहे.

मुलांना आशीर्वाद. तुमच्या दोघांच्या प्रकृतीला जपा.

तुझा,
धाकटा

ता. क. मेहुण्याशी बोलणं बंद आहे असं समजू नकोस. काल तो आला, बहिणीच्या पाया पडला, दोन वेळा जेवला. ही त्याला वाढताना विचारत होती, "आणखी घेतोस का रे?" एकोणीस वर्षं तेच तर चाललं होतं!

ता. क. २. पत्र लिहायचं खरं कारण राहूनच गेलं. पंचाहत्तरीपर्यंत काम करायचं तर काम हवं. हल्ली लोक दात जपू लागलेत, काळ कठीण आहे. तुमच्या डॉक्टरांना माझं नाव सांगून ठेव. आणि भावोजींचे खालचे किती हलतात ते कळव. त्यांना विचारू नकोस, खोटं सांगतील. काहीतरी सांगून हसव आणि मोज.