शेपटीतली जुनी पिन

ती. बाबांना नमस्कार,

नोकरी आहे, जेवण वेळेवर होतं. आईला एवढंच वाचून दाखवा, पुढचं तुमच्यासाठी.

परवा एका छोट्या विमानाच्या शेपटीतला नट तपासला, तर त्यातली पिन जुनीच पुन्हा वाकवून बसवलेली. ही पिन एकदाच वापरायची असते. ती तुटली की नट सुटतो, मग पायलटने दांडी कितीही ओढली तरी शेपटी ऐकत नाही.

मी पिन बदलली आणि म्हटलं, सगळे सांधे उघडून बघेपर्यंत सही करणार नाही. साहेब भडकले. "एवढ्याशा पिनसाठी विमान अडवतेस? उद्यापासून येऊ नकोस!"

"उद्याचं उद्या बघू. आज पाना माझ्या हातात आहे," मी म्हटलं.

आणखी तीन पिना जुन्या निघाल्या. मागच्या तपासणीवर सही साहेबांचीच होती. मी तसं वर लिहून दिलंय. आता कोणाला काढतात बघू, मी शब्द मागे घेणार नाही. गिऱ्हाईक शिव्या देत असतानाही ढिल्या ब्रेकची सायकल तुम्ही कधी सोडलीत?

तुमचा खोकला कसा आहे? आणि दुकानातलं माझं स्टूल कोणाला दिलं नाहीत ना? सहज विचारलं.

इथे मात्र बिनधास्त सही करते,
तुमची धाकटी