झोपेची लाल पट्टी

संचू,

मी काजूच्या कारखान्यात गेले आहे. पेज गॅसवर आहे, सुकटाची चटणी झाकून ठेवली आहे. आधी खाऊन घे, मग पुढचं वाच.

काल क्लासला जाताना तू लॅपटॉपवरच्या खेळातली तुझी बाई माझ्यावर सोपवून गेलीस. खेळातल्या एकवीस दिवसांत तिची सगळी कौशल्यं दहावर न्यायची, आता फक्त स्वयंपाक नऊवर अडलाय, ती म्हातारी व्हायच्या आत पुरा करायचा, एवढं मला कळलं होतं. "झोपेची पट्टी लाल झाली तरी निजवू नको, कॉफी दी आणि परत रांधूक लाव," असं तू दोनदा बजावलंस.

दोन वेळा कॉफी दिली गो. पण नंतर ती शेगडीपुढे उभ्या उभ्या पेंगायला लागली. वेणीसुद्धा तुझ्यासारखीच. माझ्याने बघवेना, मी तिला निजवली. उठली ती केस पिकूनच. स्वयंपाक नऊवरच राहिला. तू आल्यावर विचारलंस, तेव्हा चार्जिंग संपलं म्हणून मी खोटं सांगितलं.

काल सकाळी तूपण म्हणाली होतीस, "आई, माका बरा वाटना नाय, आज घराक रवतंय." मी म्हटलं, "सोंगा नको, ऊठ," आणि कडक चहा पाजून तुला एसटीत बसवून आले.

आज क्लासला जाऊ नको. सरांना फोन केला आहे. उशीर झाला म्हणून घाबरू नको, गजर मीच बंद केला.

आई