धावती छाती, थंडं पाणी

१४ नोव्हेंबर, शुक्र.
रातची सी शिफ्ट सुटून वरठीच्या कारखान्यातून घरी येऊन राहिलो होतो. साडेसहा झाले असतील. तलावाच्या पाळीवर गाडी आली अन् छाती सुटली. तीच ती. एकदम बटन दाबल्यासारखी चालू होते, गळ्यापर्यंत धडधड, डोळ्यापुढं काजवे. वर्ष झालं, मी याले गॅसच म्हणतो. सोडा पितो, ढेकर देतो, अर्ध्या तासानं आपोआप जाते. आज हात कापाले लागले म्हणून गाडी लावली, पाळ उतरलो. ओंजळीनं तोंड धुतलं, जीवाले बरं वाटेना. गुडघ्यावर बसलो अन् सरळ डोस्कंच पाण्यात घातलं.

पाणी असं थंडं का कानशिलात खिळे ठोकल्यावानी. श्वास आपोआप बंद. अन् आतमधी, कसं लिहू, एक ठोका चुकला. मोठी चुप्पी. मग ठप्प. ठप्प. ठप्प. आपल्या चालीनं. जसं काही झालंच नव्हतं.

तिथंच बसून राहिलो, मिशीतून पाणी गळत. दशरथबाबा ढिवर कमरेइतक्या पाण्यात उभा राहून शिंगाडे काढत होता. म्हणे, "काहून रे मनोहर, सकाळी सकाळी लावून आला का?" म्हटलं बाबा, छाती धावत होती, पाण्यात तोंड घातलं अन् थांबली. त्याले काही नवल नाही. "पानी धरते," म्हणे, अन् शिंगाडा टोपल्यात टाकला.

वीस वर्षं क्रेन चालवून राहिलो. लोखंडाच्या लाल रसानं भरलेली लॅडल, म्हणजे घराएवढी बादली, उचलतो, पाहिजे तिथं ठेवतो, कप फुटणार नाही असा ठेवतो. पण पाण्यानं आज छाती खाली ठेवली, इतक्या हळू कोणी काही ठेवलेलं मी आजपर्यंत पाह्यलं नाही.

१५ नोव्हें.
काल लिहिलं ते बरं झालं. आता लिहूनच ठेवाचं. धा. म्हणजे छाती धावली. पा. म्हणजे पाण्यात तोंड, अन् कितव्या आकड्याले थांबली.
कंपनीत कोणाले सांगाचं नाही. क्रेनवाल्याची छाती धावते म्हटल्यावर कोण वर चढू देईल? खाली स्टोअरमधी बसावं लागेल, नटबोल्ट मोजत.
घरी बायकोले, वंदनाले मात्र सांगतलं, का हा गॅस नाही. म्हणे, "मले ठाऊकच होतं. गॅस असा गळ्यातून उडताना दिसते का?" वर्षभर पाहून राहिली होती बाई, बोलली नाही.

१९ नोव्हें.
धा. दुपारी १. टाकीचं पाणी घेतलं. थांबली नाही. तीनदा घातलं, नाही. टाकीले ऊन लागते, पाणी कोमट. वंदनानं मग घरातल्या पितळी गुंडातलं पाणी परातीत ओतलं, फ्रीजमधला बर्फ टाकला. पा. १४. मागून कॉलर धरून मोजत होती, शेळीले पाणी पाजल्यावानी.
म्हणजे नुसतं पाणी नाही. थंडंच पाहिजे. अन् श्वास धरून.
चौदा आकड्यांत! बसल्या बसल्या! मी दिवसभर हातच पाहून राहिलो पाण्यात बुडवून.

२३ नोव्हें., रवि.
मोबाईलवर पाह्यलं. बापा! दुनियाभर लोक बर्फाच्या टबात बसून राहिले. कोणी म्हणते झोप लागते, कोणी म्हणते सूज उतरते, कोणी म्हणते मन शांत होते. एक गोरा तर शुगर, बीपी, टक्कल, सगळंच बरं करून राहिला होता. वंदना म्हणे, "दशरथबाबाचं टक्कल पाह्यलं का? जलम गेला त्याचा पान्यात."
हसून हसून पोट दुखलं. पण खोटं काहून बोलू, मीही आता रोज पूर्ण अंगावर घेतो. विहिरीचं कामाचं नाही, थंडीत ते गरमच लागते. रातभर अंगणात ठेवलेल्या ड्रमातलं. पहिली बादली म्हणजे मार. तिसरीनंतर अंगातून वाफ निघते अन् डोकं असं साफ होते का समोरच्या लिंबाचं पान पान वेगळं दिसते. झोप लागून राहिली. वंदनाशी आठ दिवस भांडण नाही. हे त त्या गोऱ्यानंही नाही सांगतलं.

२७ नोव्हें.
सुखदेवलेही पाण्याचं वेड लावलं. छातीचं नाही सांगतलं, फक्त अंघोळीचं. सुखदेव म्हणजे माझा सिग्नलमन. बारा वर्षं झाले, तो खालून हात दाखवते, मी वरून हलवतो. त्यानं दोन दिवस केली थंड्या पाण्याची अंघोळ, अन् आज नाक गळत ड्युटीवर. हात वर केला तेवढ्यात शिंकला, हात भलतीकडंच गेला. मी जागीच थांबवलं. रिकामा हूक होता म्हणून बरं.
"तुझं पानी तुलेच लखलाभ बे," म्हणे.
धा. नाही.

४ डिसें.
कंपनीचं वार्षिक मेडिकल. छातीची ईसीजीची पट्टी काढली, सरळ. फिटचा शिक्का. "काही त्रास?" विचारलं. नाही जी, म्हटलं.
सकाळी ६ ले धा. होती. पा. ९ करून, केस पुसून गेलो होतो.
कागद खिशात घेऊन आलो. खुश व्हाले पाहिजे होतं. झालो नाही.

१० डिसें., बुध.
आजचं लिहूनच ठेवतो.
ए शिफ्ट. हल्ली केबिनमधी बर्फ टाकलेल्या पाण्याचा कॅन ठेवतो, पायाशी. साडेदहाले लॅडल भरली, उचलली, अर्ध्या रस्त्यात अन् छाती सुटली. आजवरची सगळ्यात मोठी. कॅन पायाशीच आहे, बर्फ वाजून राहिला आत. पण दोन्ही हात लिव्हरवर. खाली सुखदेव. चाळीस पावलांचं अंतर जाचं अजून. सुखदेवचे हात दोनाचे चार दिसाले लागले. मनात एकच, ठेव आधी. ठेव. मग मर.
ठेवली.
मग कॅनवर पडलो. कॅनचं तोंड केवढं? वाटीएवढं! माझं डोस्कं जाते का त्यात? इतके दिवस पायाशी घेऊन बसलो, हे सुचलंच नाही. दुपट्टा भिजवला, तोंडावर दाबला, श्वास धरला. आकडा मोजला नाही. थांबली.
जेवणाच्या सुट्टीत सुखदेव म्हणे, "मनोहर, आज लोन्यावानी ठेवली बे. असी हळू त कधीच नाही ठेवली." खुशीत चहा पाजला त्यानं. लाज वाटली. अजून वाटून राहिली.

११ डिसें.
वंदनाले सगळं सांगतलं, फिटच्या शिक्क्यासकट. ती भाजी चिरत होती, विळी बाजूले सरकवली.
"काळीज तुमचं हाय, मान्य. पन खाली उभा राह्यते तो कोनाचा हाय?"
रजा टाकली, चोवीस तारखेपर्यंत. कारण लिहिलं, घरगुती.

१३ डिसें., शनि.
भंडारा. डॉक्टर बाई, तरुण आहेत. ही वहीच त्यांच्यापुढं ठेवली. धा., पा. समजावून सांगतलं. वाटलं हसतील. पूर्ण वाचली त्यांनी, बोट फिरवत.
"हे तुम्हाला कोणी शिकवलं?"
कोणी नाही जी. तलावावर झालं.
मग त्यांनी सांगतलं. तोंड थंड्या पाण्यात गेलं अन् श्वास धरला का शरीराले वाटते, आपण बुडालो. मग एक नस मेंदूतून छातीले सांगते, हळू चाल, श्वास पुरवाचा आहे. पाण्यात बुडी मारणाऱ्या जनावरांत असते हे. माणसातही आहे. सगळ्यांचं दुखणं याच्यानं थांबत नाही, माझं थांबते.
म्हणजे जन्मापासून हे माझ्यात होतं! चव्वेचाळीस वर्षं आत एक सिग्नलमन उभा, अन् मले त्याचा पत्ता नाही. दशरथबाबाले होता, तोही साध्या दोन शब्दांत.
पण पुढचं वेगळंच निघालं. बाई म्हणाल्या, "पाणी दुखणं थांबवतं, घालवत नाही. आणि तुम्ही दर वेळी थांबवूनच येता. पट्टीवर ते पकडल्याशिवाय मी त्याला नाव कसं देऊ?" पुढच्या वेळी पाणी नाही. तशीच धावती छाती घेऊन इथं यायचं. एकट्यानं नाही, गाडी चालवत नाही. चक्कर आली, छातीत दुखलं तर जे जवळ असेल त्या दवाखान्यात. अंगावर थंड्या बादल्याही तोपर्यंत बंद.
"आणि क्रेनवर चढायचं नाही."
पकडली तर पुढं नागपूर. मांडीतून तार टाकतात अन् आतली ती नेमकी जागा जाळतात, बहुतेकांचं कायमचं मिटते म्हणे. थंड्या पाण्यानं थांबते पण मिटवाले जाळावं लागते. आमच्याच धंद्यातलं निघालं.
क्रेन परत मिळेल का, विचारलं. "ते मी नाही सांगू शकत," म्हणाल्या.

१५ डिसें.
धा. नाही.

१६ डिसें.
धा. नाही. कोमट पाण्यानं अंघोळ. अंगाले काही कळतच नाही.

१८ डिसें.
नाही. वर्षभर येऊ नको म्हणत होतो, आता वाट पाहून राहिलो. आज पाळीवर चारदा चढलो-उतरलो, मुद्दाम. नुसता घाम. छाती अशी चालून राहिली, जशी शाळेतली हुशार पोरगी.

२० डिसें., शनि.
सुखदेव घरी आला. "रजेवर काहून हायस बे? मले सांगत नाहीस?" बसवलं, सांगतलं. दहा तारखेचंही सांगतलं. तो उठला, चपला पायात घातल्या. शिव्या देईल वाटलं. दिल्या असत्या त बरं झालं असतं.
"सांगतलं असतं," म्हणे, "त मी पाच पावलं मांगं उभा राह्यलो असतो ना."
एवढंच. उभा राहिलाच असता. पाच पावलं मागं, पण राहिलाच असता. तो गेल्यावर मी मागच्या अंगणात जाऊन रडलो. वंदनानं पाह्यलं, आली नाही, बरं केलं.

२२ डिसें.
धा. नाही. रजेचे दोन दिवस उरले. फिटचा कागद कपाटात आहे. कोणी मले अडवणार नाही, हेच भेव आहे.

२४ डिसें., बुध.
७.१०. दाढी करताना सुटली. वंदनानं सवयीनं परात भरली, बर्फही टाकला, मग दोघंही त्या परातीकडं पाहत बसलो. सगळं अंग म्हणून राहिलं, घाल तोंड. बारा आकड्यांची गोष्ट. तहानेल्या माणसापुढं ठेवल्यासारखं पाणी समोर. वंदनानंच उचललं अन् मोगऱ्यात ओतून आली.

७.२५. ऑटोनं भंडाऱ्याले. शहापूरचा हायवे, धुकं, वारा असा झोंबून राहिला. वाऱ्यानंच थांबली तर? दुपट्टा तोंडाले गुंडाळला, डोळेही झाकले. ऑटोवाला म्हणे, "भाऊले लय थंडी वाजून राह्यली." वंदना म्हणे, "हाव, वाजते त्याईले." चक्कर नाही. दुखत नाही. धावून राहिली.

७.५०. दवाखान्यात. नर्सबाईनं नाडी पाह्यली, पळत आत गेली. मशीनवर एक म्हातारी आहे, तिचं झालं का लगेच मी. अक्षर वाकडं येऊन राहिलं. लिहिलं नाही तर त्या कोपऱ्यातल्या नळाकडं जाईन.
आज पकडली त क्रेन गेली. थोड्या दिवसांसाठी का कायमची, कोणाले ठाऊक. अन् नाही पकडली त उद्या सकाळी मी वर चढून जाईन. मले माझं माहीत आहे. खाली सुखदेव असेल, तरी चढून जाईन.
वंदना मनगट धरून बसली. महिनाभर माझी छाती थांबावी म्हणून मोजत होती. आता तिचे ओठ हलून राहिले. वाकून ऐकलं.
"थांबू नोको रे. दोनच मिनिटं. थांबू नोको."

दार उघडलं. म्हातारी पदर सावरत निघाली. मधीच एक ठोका चुकल्यासारखा झाला, वंदनानं माझ्याकडं पाह्यलं.
नाही. धावून राहिली.
वही तिच्यापाशी देतो.